काठावर उरलेले कपडे

पाण्याची मला आयुष्यभर भीती वाटत आली आहे. नोकरीत असताना हे मी कुणाजवळ बोललो नाही, कारण कॉलेजच्या मुलांना पोहायला शिकवणं हीच माझी नोकरी होती आणि पाण्याला भिणारा मास्तर कोण ठेवून घेईल? आता पेन्शनीत आहे, कुणी काढून टाकू शकत नाही, म्हणून सांगून टाकतो. विहिरीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला की माझ्या पोटात गोळा यायचा, आणि शेवटचा मुलगा वर येऊन कपडे घालीपर्यंत तो हलायचा नाही. घरी गेल्यावर बायको म्हणायची, "रोज पोहून येता आणि चेहरा असा, जसं काही पोलीस मागं लागलेत." तिला मी हसून दाखवत असे.

माझ्या वडिलांनी, त्या काळच्या बहुतेक वडिलांसारखं, माझ्या पाठीला वाळका भोपळा बांधून मला विहिरीत ढकलून दिलं होतं आणि स्वतः काठावर बसून पानाची चंची सोडली होती. त्या दिवशी मी एका दमात दोन गोष्टी शिकलो, पोहायला आणि घाबरायला. पहिलीवर मला नोकरी मिळाली. दुसरीवर ती टिकली, असं आपलं माझं मत आहे.

ही हकीकत एकोणीसशे पन्नास ते साठच्या दरम्यानची. पुण्यातल्या एका कॉलेजात मी जिमखान्याचा मास्तर होतो आणि राहायला चिंचवडला होतो. तेव्हा चिंचवड म्हणजे देऊळ, नदी, चार आळ्या आणि भोवती मळे. पिंपरीकडं कारखान्यांच्या भिंती उठायला लागल्या होत्या आणि गावातली माणसं संध्याकाळी त्या बघायला जात, जत्रेला जावं तशी. पुण्यापेक्षा खोल्या स्वस्त म्हणून बाहेरगावची बरीच मुलं चिंचवडात राहून गाडीनं कॉलेजला येत. पुण्यातल्या जिमखान्याचा त्यांना काही उपयोग नव्हता. तास संपला की ती स्टेशनकडं पळत.

एक दिवस प्रिन्सिपॉलसाहेबांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, "ती तुमच्या चिंचवडची पोरं वर्गात बसल्या बसल्या झोपतात. रात्री झोप येत नाही म्हणतात, जेवण जात नाही म्हणतात, परीक्षा जवळ आली की एकेकाचं तोंड बघवत नाही. संध्याकाळी खोलीवर जाऊन करतात काय?"

"चटईवर पडतात, साहेब. नाही तर पत्ते कुटतात."

"मग तुम्ही राहताच तिथं. त्या रिकाम्या वेळात त्यांना जरा हलवा."

हलवायचं म्हणजे कुठं? तालमीत गावच्या पैलवानांची गर्दी, आणि ही कॉलेजची काडीपैलवान मंडळी हौद्यात उतरायला लाजायची. पवनेत डोह होते, त्यांचं नाव काढलं तरी माझे हात गार पडायचे. शेवटी पिंपरीच्या वाटेवर बाळाअण्णांच्या मळ्यात एक पायऱ्यांची विहीर होती, ती मी मागून घेतली. बाळाअण्णा वयानं माझ्यापेक्षा मोठे, बोलायला कमी. हो म्हणण्याआधी त्यांनी मला विहिरीच्या काठावर नेऊन उभं केलं.

"मास्तर, ह्या पान्यावर माझं घर पितंय, गुरं पित्यात. उद्या यखादं पोर आत ऱ्हायलं, तर हे पानी कोन त्वांडाला लावंल? न्हाई म्हनत न्हाई मी. पन त्येवढं ध्यानात असू द्या."

मी म्हटलं, "अण्णा, तेवढंच ध्यानात असतं माझ्या." त्यांना वाटलं मी नम्रपणे बोलतोय.

आता धंद्याचं थोडं सांगतो. नव्या मुलाच्या पाठीला वाळका भोपळा बांधायचा, तो तरंगायला लागला की भोपळा लहान करत न्यायचा, हे सगळ्यांना माहीत असतं. माहीत नसतं ते असं की बुडणारा माणूस ओरडत नाही. लोकांना वाटतं तो हात वर करून "वाचवा" म्हणतो. त्याला श्वासच नसतो, तो कशानं ओरडणार? तो गुपचूप जातो. शेजारी दहा जण पाणी उडवत, हसत असले तरी कुणाला पत्ता लागत नाही. म्हणून माझा सगळा भर मोजणीवर. पण पाण्यातली डोकी मोजून काही हाती लागत नाही. ती जागा बदलतात, बुड्या मारतात, आणि भिजलेली सगळी डोकी सारखीच दिसतात. मी कपडे मोजायचो. प्रत्येक मुलाची काठावरची जागा मी ठरवून दिली होती. त्याचे कपडे तिथंच. कपडे आहेत म्हणजे मुलगा पाण्यात. कपडे गेले म्हणजे मुलगा गेला. काठ पूर्ण रिकामा झाला की मी निघायचो.

दुसरा नियम लंगोटाचा. लंगोटाला सरकगाठच मारायची, ओढली की सुटणारी. विहिरीत कपारी असतात, मुळं असतात, कापड कुठं अडकलं तर एका झटक्यात मोकळं होता आलं पाहिजे. मुलांना हा नियम भारी जाचायचा, कारण सरकगाठ सूर मारतानाही सुटते. एक-दोघांचे लंगोट पाण्यावर तरंगत वर आले आणि मालक गळ्यापर्यंत पाण्यात बसून राहिले, तेव्हा सगळा मळा हसला होता. माझ्या पाठीमागं मुलं मला "गाठमास्तर" म्हणत. मला ते ऐकू यायचं.

नमुनेही एकेक भेटले. तत्त्वज्ञानाचा एक विद्यार्थी पोहण्याचं इंग्रजी पुस्तक वाचून आला होता. खोलीतल्या बाकड्यावर पालथा पडून त्यानं हातपाय मारण्याचा महिनाभर सराव केला होता. पहिल्या दिवशी भोपळा नको म्हणून हटून बसला. उतरला, आणि मानेपर्यंत पाणी येताच माझ्या गळ्याला अशी मिठी मारली की आम्ही दोघंही पायरीवरून घसरलो. वर आल्यावर म्हणाला, "सर, पुस्तकात पाणी एवढं गार असतं असं लिहिलेलं नाही." पुढं तो उत्तम पोहायला लागला, पण बाकड्यावरची त्याची ती शैली काही गेली नाही.

मुलांमध्ये फरक मात्र पडला. चेहऱ्यावरची मरगळ गेली. रात्री पडल्या पडल्या डोळा लागतो म्हणायची. आपसांत बोलायला, हसायला लागली. परीक्षेला घाबरणारी मुलं परीक्षेला घाबरतच होती, पण आता एकत्र घाबरत होती. आणि भूक! खानावळीच्या गोदाकाकू एकदा मला देवळापाशी गाठून म्हणाल्या, "मास्तर, तुमची ती विहीर बुजवा बाई! भाकरी थापून माझे हात गळाले. आधी दोन भाकऱ्यांत उठायची मेली, आता उठायचं नावच नाही." मी हसलो, पण घरी येताना मला वाईट वाटलं. काही मुलांना खानावळ एकाच वेळची परवडत होती. त्यांची भूक मी वाढवून ठेवली होती आणि ती भागवायला माझ्याजवळ काही नव्हतं.

त्यांतलाच एक माणिक. जामखेडकडचा, लांब हाडाचा, शास्त्र शाखेचा. बोलायला लाजाळू, मान खाली. पहिल्या दिवशी विहिरीच्या काठावर बराच वेळ नुसता पाण्याकडं बघत उभा राहिला.

"भीती वाटते का रे?" मी विचारलं.

"न्हाई सर. एवढं पाणी एका जागी लई दिवसांनी बघतोय."

तो एक दिवसाआड यायचा. का ते मला ठाऊक नव्हतं. चटकन शिकला. पाण्यात उतरला की त्याची मान वर यायची आणि आवाजही फुटायचा. त्याचं एकच मला खटकायचं. बाकीची मुलं डुंबत असतानाच तो कुणाला न सांगता आधी निघून जायचा.

एका संध्याकाळी शिट्टी मारून मी सगळ्यांना वर काढलं. मुलं कपडे घालून गेली. मी काठावरून शेवटची नजर फिरवली, तर एका जागी कपडे उरलेले. पँट, सदरा, नीट घडी घातलेले, वर एक दगड. माणिकची जागा.

पाणी समोर शांत पडलेलं, एक बुडबुडासुद्धा नाही. मी "माणिक!" म्हणून ओरडलो तो आवाज मलाच ओळखू येईना. मग उडी मारली. किती बुड्या मारल्या ते सांगता यायचं नाही. तळाला हात लागायचा, गाळ लागायचा, दगड लागायचे, आणि प्रत्येक दगडाला हात लागला की वाटायचं, हाच. आपल्याला सापडावा असंही वाटत होतं आणि सापडू नये असंही. माझी आरडाओरड ऐकून बाळाअण्णा बादल्या काढायचा लोखंडी गळ घेऊन धावत आले. त्या गळाचे आकडे बघून मला रडूच फुटलं.

इतक्यात बांधावरून एक मुलगा आला. कमरेला पंचा, अंगात फाटकी बंडी. त्याला मी ओळखत होतो. माणिकच्या खोलीत राहणारा दत्तू, चाकणच्या बाजूचा. तो पोहायला कधी येत नसे. काठावरची गर्दी, म्हणजे मी, अण्णा आणि गळ, बघून तो जागच्या जागी थांबला.

"काय झालं, सर?"

"माणिक... माणिक आत राहिला रे!"

दत्तूचा चेहरा एकदम कसनुसा झाला. "न्हाई सर. त्यो खोलीवर हाय. आत्ता मागच्या उसातनं आला. मी कपड्यांसाठी आलोय."

मी पायरीवर येऊन बसलो. त्या पोरानं मग मान खाली घालून जे सांगितलं ते असं. दोघांत मिळून बाहेर घालायचे कपडे एकच. एक दिवस माणिक कॉलेजला जायचा, दुसऱ्या दिवशी दत्तू. ज्याचा दिवस नसेल त्यानं खोलीत पंचा लावून दुसऱ्यानं आणलेल्या वह्या उतरवून घ्यायच्या. संध्याकाळी दत्तू पिंपरीला एका साहेबाच्या मुलांची शिकवणी करायचा आणि तिथं पँट-सदऱ्याशिवाय दारात उभं करत नसत. आधी माणिक पोहून तसाच कपडे घालून खोलीवर पळायचा. पण साहेबानं शिकवणीची वेळ अलीकडं आणली. विहीर शिकवणीच्या वाटेवर होती, खोली उलट दिशेला. म्हणून त्या दिवसापासून त्यांनी ठरवलं होतं की माणिकनं कपडे काठावरच ठेवायचे, उसातून पंचा लावून मागच्या मागं निघून जायचं, आणि सगळे गेल्यावर दत्तूनं येऊन ते चढवायचे.

"मला सांगायचं नाही होय रे?" मी विचारलं.

"कसं सांगनार सर? समदी पोरं असत्यात हितं."

बाळाअण्णा गळ गुंडाळत होते. ते दुसरीकडं बघत म्हणाले, "घाल बाबा कापडं. तुला उशीर व्हईल."

मी माणिकला खोलीवर जाऊन चांगला झापला. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "सर, तुम्ही म्हणाल तर येत न्हाई उद्यापासून. पण एक सांगू का? वर्गात, गाडीत, खानावळीत, सगळीकडं मला आपली पँट आठवत असती. हिला डाग पडू नये, ही फाटू नये. पाण्यात उतरलो की समदे एका लंगोटावर. तेवढा वेळ मी कुणापेक्षा कमी न्हाई."

मी त्याची जागा बदलली. मोटेचं पाणी ज्या दगडी कुंडीत पडतं तिला थारोळं म्हणतात. त्या थारोळ्याच्या मागं त्याला जागा दिली, म्हणजे इतर मुलांच्या नजरेला कपडे पडायचे नाहीत. निघताना मला सांगून जा म्हटलं, तर तो इतका अवघडला की मीच माघार घेतली. पण माझी एक सोय आपोआप झाली होती. पाणी दिसलं की पँटची काळजी विसरून तो कपडे इतरांसारखेच काढून टाकायचा, कसेही. जाताना मात्र दत्तूसाठी पँटची इस्त्रीच्या रेघेवर घडी घालायचा, सदरा वर ठेवायचा आणि त्यावर दगड. ती रेघ दोघं रात्री वळकटीखाली दाबून आणायचे. घडी आणि दगड दिसला की मी समजायचो, गडी सुखरूप उसातून गेला. मग दत्तू येईपर्यंत मी त्या कपड्यांची राखण करत बसायचो.

पावसाळा संपून थंडी सुरू व्हायच्या बेताचे दिवस होते. विहिरीचं पाणी पायऱ्या चढून वर आलेलं, आणि माझी भीतीही. काठावरच्या उंबराच्या मुळ्या भिंतीतून आत उतरल्या होत्या, त्या आता पाण्याखाली दिसेनाशा झाल्या होत्या. त्या बाजूला जाऊ नका म्हणून मी रोज घसा कोरडा करायचो. त्या दिवशी गाडी उशिरा आली. मुलं आली तीच धावत, पटापटा कपडे फेकून पाण्यात. परीक्षा जवळ आल्यामुळं सगळ्यांना थोडकंच पोहून परतायचं होतं. नुसता गोंधळ होता पाण्यात. मी लवकरच शिट्टी मारली.

मुलं वर आली. अंग पुसत, थट्टा करत कपडे चढवू लागली. मी काठ बघत फिरलो. मोठा काठ रिकामा होत आला. मग थारोळ्यामागं गेलो.

कपडे होते. ते असणारच होते. पण घडी नव्हती. पँट जमिनीवर पडलेली, एक पाय उलटा, सदरा अर्धा तिच्यात अडकलेला.

"माणिकला कुणी बघितला का रे?"

"गेला असेल सर, नेहमीसारखा आधी," कुणीतरी म्हणालं.

"सर आता परत विहीर उपसणार," दुसरा हळूच म्हणाला, आणि दोघं-तिघं फिस्स करून हसले. मागच्या वेळच्या माझ्या बुड्यांची हकीकत मळ्यातून फुटली होती, कपड्यांची नव्हे.

मी त्या उलट्या पायाकडं बघत होतो. दत्तूच्या पँटचा पाय माणिक उलटा टाकून जाईल? गाडी उशिरा आली म्हणून घाईत तसाच गेला असेल? गेला असेल, गेला असेल, असं मी मनाशी घोकत होतो आणि तेवढ्यात माझे पाय पायऱ्यांवरून खाली धावत सुटले होते. पाण्याची एवढी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती. मागच्या वेळी निदान आशा होती, कारण काही माहीत नव्हतं. या वेळी मला माहीत होतं.

मी सरळ उंबराच्या बाजूला बुडी मारली. आत काळोख. पहिल्या खेपेला हाती नुसत्या मुळ्या आल्या. वर आलो, श्वास घेतला, पुन्हा गेलो. या वेळी हाताला माणसाची पाठ लागली. ती हलत नव्हती. मी कमरेपाशी चाचपडलो. लंगोटाचं मागचं टोक मुळीच्या बेचक्यात घट्ट बसलं होतं. गाठ ओढली. सुटेना. नीरगाठ! पाणी पिऊन फुगलेली, दगडासारखी. भर पाण्यात लंगोट सुटून चारचौघांत हसं होईल म्हणून त्या लाजऱ्या पोरानं सरकगाठीवर नीरगाठ मारली होती. मी ओढलं, हिसकलं, पाय भिंतीला लावून रेटलं. मांजरपाटाचं कापड, ते कसलं फाटतंय! माझीच छाती फुटायची वेळ आली.

वर येऊन मी ओरडलो, "नाडा! मोटेचा नाडा टाका!"

काठावर हसणारी मुलं पुतळे झाली होती. पण बाळाअण्णा मोटेपाशीच होते. त्यांनी त्या जाडजूड दोराचं टोक सरळ माझ्या अंगावर फेकलं. ते घेऊन मी पुन्हा खाली गेलो. माणिकच्या काखांखालून नाडा घातला, गाठ मारली, कशी मारली देव जाणे, आणि जोरानं झटका दिला. वर अण्णा गरजले असणार, कारण नाडा एकदम ताठ झाला. सगळी मुलं त्याला लागली होती, तत्त्वज्ञानवाल्यासकट. महिनोन्महिने मी त्यांचे जे दंड आणि खांदे कमावून घेतले होते, ते त्या एका ओढीत लागले. पाण्याखाली कापड टरकलेलं मला ऐकू आलं नाही, हाताला कळलं.

माणिक पायरीवर आला तेव्हा निळा पडला होता आणि अंगावर चिंधी नव्हती. कुणी हसलं नाही. मी त्याला पालथा घातला, डोकं उतारावर घेतलं आणि पाठीवर दाब द्यायला लागलो. दाबायचं, सोडायचं. दाबायचं, सोडायचं. तोंडातून पाणी आलं, पण श्वास येईना. एक मुलगा मोठ्यानं रडायला लागला. मी दाबत होतो आणि मनात जामखेडकडचं एक घर येत होतं, जे मी कधी बघितलं नव्हतं. त्या घरात जाऊन मला बोलावं लागणार होतं. मी काय बोलणार होतो?

मग माझ्या हाताखाली त्याची पाठ आपणहून वर आली. एकदाच. थांबली. पुन्हा आली. तो खोकला, ओकला आणि कण्हला. त्या कण्हण्याइतका गोड आवाज मी जन्मात ऐकलेला नाही.

अण्णांनी आपली घोंगडी आणली. तेवढ्यात दत्तू बांधावर उभा राहिला, पंचा आणि फाटक्या बंडीत, कपडे न्यायला आलेला. त्याला कुणी काही सांगायची गरज पडली नाही. तो थारोळ्यामागं गेला, पँटचा उलटा पाय सुलटा केला आणि येऊन माणिकच्या पायांत ती चढवायला लागला. थरथरणाऱ्या माणसाला पँट घालणं सोपं नसतं. कुणीतरी दुसरा पाय धरला. कुणीतरी सदरा झटकला. आता सगळ्यांना कळलं होतं आणि कुणी काहीच विचारत नव्हतं.

माणिक डोळे उघडून म्हणाला, "दत्तू, शिकवणी..."

"गप पड," दत्तू म्हणाला. "मरना का ती शिकवनी." आणि तो ढसाढसा रडायला लागला.

बाळाअण्णांनी मला बाजूला घेतलं. आता विहीर बंद, हे मी धरूनच चाललो होतो. ते म्हणाले, "मास्तर, थोडं दिस नगा येऊ. मला त्या मुळ्या तोडायच्यात." कमरेला दोर बांधून ते स्वतः कोयता घेऊन विहिरीत उतरले. त्यांना नीट पोहता येत नव्हतं, हे मला नंतर त्यांच्या मुलाकडून कळलं.

माणिक पुन्हा येईल असं मला वाटलं नव्हतं. खरं तर येऊ नये असंच वाटत होतं. मला रात्र-रात्र झोप नव्हती. पोरांना झोप यावी म्हणून मागून घेतलेल्या विहिरीनं माझीच झोप घालवली होती. पण विहीर पुन्हा सुरू झाली तेव्हा तो आला. माझ्यासमोर उभा राहून त्यानं लंगोटाला सरकगाठ मारली आणि मला ओढून बघायला लावली. आणि त्या संध्याकाळी इतर मुलं डुंबत असतानाच तो वर आला, थारोळ्यामागं न जाता सगळ्यांसमोर पँटची घडी घातली, वर दगड ठेवला, कमरेला पंचा गुंडाळला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "सर, मी निघालो!"

"निघ," मी म्हटलं. पाण्यातून तत्त्वज्ञानवाला ओरडला, "उसातून कशाला, रस्त्यानं जा की राव!" आणि माणिक रस्त्यानं गेला.

पुढं तो शिकला, नोकरीला लागला, कपाटभर कपडे केले असतील. दत्तूही मार्गी लागला. त्या मळ्याची आता वस्ती झाली आहे आणि विहीर बुजली आहे. लोकांना वाईट वाटतं, मला वाटत नाही. मी त्या जागेवरून जातो तेव्हा इतकंच म्हणतो, सुटलो. पण तेही खरं नाही.

माझा नातू कॉलेजात आहे. घरी आला की पँट काढून खुर्चीवर फेकतो, एक पाय उलटा, आणि मोरीत जाऊन नळ सोडतो. मी बाहेरून हाक मारतो. पहिल्या हाकेला ओ आली नाही तर उठून दाराशी जातो, दार वाजवतो, पुन्हा हाक मारतो. "आहे हो आजोबा, आहे!" असं आतून वैतागून ओरडल्यावर माझ्या पोटातला गोळा खाली बसतो. मग मी परत येतो, त्या पँटचा पाय सुलटा करतो आणि रेघेवर घडी घालून ठेवतो. सून शेजारणीला कौतुकानं सांगते, आमच्या मामंजींना टापटीप फार लागते.